हॉयटच्या बाकावरची शांतता

हॉयट प्रूइट ओरडायला लागला की त्याच्या संघातली पोरं सुटकेचा श्वास टाकायची. तो गप्प बसला की मात्र सगळी एकमेकांकडे बघायला लागायची. माझ्या बहिणीने, लर्लीनने, त्याच्याशी लग्न झाल्यावर लगेचच हे ओळखलं आणि मला फोन केला, "डेल, हा माणूस भांडत नाही रे. नुसता बसून राहतो. मी काय करू?" मी म्हटलं, "तूही बसून राहा." तेवढीच अक्कल मला तेव्हा होती. लर्लीनने ती मनावर घेतली आणि पुढे आयुष्यभर ती दोघं त्या घरात समोरासमोर बसून राहिली. सुखाने, असंही म्हणता येईल.

मिसिसिपी राज्यातल्या लोमॅक्स गावात माझं खिळेमोळे, रंग आणि गवत कापायच्या यंत्रांचं दुकान आहे. गावात कॉलेज एकच, आणि त्या कॉलेजातली गावाला माहीत असलेली गोष्टही एकच, बेसबॉल. माझा मेहुणा त्या संघाचा मुख्य कोच. त्याच्या कृपेने माझी जागा कायमची ठरलेली होती, खेळाडूंच्या बाकाच्या अगदी मागे, जाळीला नाक लावून. बाक जमिनीत थोडा खोल असतो. त्यामुळे मला वरून पोरांच्या टोप्या आणि हात दिसायचे, आणि त्यांचं बोलणं शब्दन्‌शब्द ऐकू यायचं. हॉयटबद्दल गावात जे सांगतात ते बहुतेक ऐकीव आहे. माझं तसं नाही.

तो लाकूड कापायच्या गिरणीतल्या कामगाराचा मुलगा. कॅचर होता, म्हणजे उकिडवं बसून पिचरने, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याने, टाकलेला चेंडू झेलणारा. हाडाचा कॅचर. विशीत एका छोट्या व्यावसायिक संघाने त्याला उचलला, आणि चार वर्षं तो बसमध्ये झोपून आणि पेट्रोल पंपावरचे उकडलेले शेंगदाणे खाऊन खेळला. मग गुडघ्यांनी राम म्हटला. परत आला तो लोमॅक्सच्या जुन्या कोचच्या हाताखाली लागला. पाऊस आला की मैदानावर ताडपत्री ओढायची, सामना संपला की कपडे धुवायचे, हे त्याचं काम. जुन्या कोचला एका दुपारी मैदानातच हृदयाचा झटका आला आणि दुसऱ्या दिवशी सराव घ्यायला कुणीतरी हवं होतं. हॉयटने घेतला, आणि मग तोच घेत राहिला.

माणूस वाईट नव्हता, हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून तुम्हाला तसं वाटेल. पोरांना तो टाय बांधायला शिकवायचा. वर्गाला दांडी मारणाऱ्याला पहाटे मैदानातली लाल माती चाळायला लावायचा. एका खेळाडूचा बाप वारला तेव्हा रात्रभर गाडी चालवून मातीला गेला, आणि शवपेटीला खांदा देऊन त्याच दिवशी परत आला. संघात घ्यायच्या पोराच्या घरी गेला की तो थेट स्वयंपाकघरात जाऊन बसायचा, आईने तळलेले मासे तीनदा वाढून घ्यायचा आणि उठताना म्हणायचा, "तुमचं पोर जसं नेतोय तसंच परत आणून देईन." मिसिसिपीच्या निम्म्या आयांनी त्याच्यावर तेवढ्या एका वाक्यावर विश्वास टाकला.

पण बेसबॉलमध्ये माणसं शहाणी राहत नाहीत. जिंकत असताना मोजे न धुणारे असतात. मैदानावरच्या पांढऱ्या रेघेवर पाय पडू नये म्हणून उडी मारणारे असतात. हॉयट स्वतः जिंकायच्या दिवसांत एकाच रस्त्याने घरी यायचा, मग त्या रस्त्यावर झाड पडलेलं असलं तरी. हे सगळं हसण्यावारी नेता येतं, आणि मी नेतही असे. "हॉयट, आज डाव्या पायात आधी बूट घातलास की उजव्या?" असं विचारलं की तो शिवी द्यायचा आणि खरंच पायांकडे बघायचा.

एका गोष्टीवर मात्र चेष्टा चालायची नाही. पिचरने सामन्याचे नऊच्या नऊ डाव टाकले आणि समोरच्या संघाला एकही धड फटका मिळू दिला नाही, तर ती कुठल्याही पिचरच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी कमाई. असं काही घडत असताना बाकावर त्याचा उच्चार करायचा नाही. पिचरशी बोलायचं नाही. त्याच्या जवळ बसायचं नाही. शक्यतो त्याच्याकडे बघायचंही नाही. तो बाकाच्या टोकाला एकटा बसतो आणि बाकीचे दुसऱ्या टोकाला दाटीवाटीने बसतात, जणू त्याला देवी आल्यात. हा रिवाज सगळीकडेच आहे. हॉयटकडे तो कायदा होता.

कायदा झाला तो डिकी स्पाइव्हीमुळे. हॉयट तेव्हा नवा होता. त्याच्या पिचरने सात डाव एकही फटका दिला नव्हता, आणि डिकी नावाचं पहिल्या वर्षाचं पोर बाकावरून आनंदाने ओरडलं, "अरे, अजून एकसुद्धा नाही मिळाला त्यांना!" पुढच्याच चेंडूवर फटका बसला, कुंपणाच्या पार. हॉयट काहीच बोलला नाही. त्या दिवशी नाही, आणि त्यानंतरही नाही. कोच बोलत नाही म्हटल्यावर बाकीच्यांनीही डिकीशी बोलणं सोडलं. बसमध्ये त्याच्या शेजारची जागा रिकामी राहायची. जेवणाच्या टेबलावर तो आला की ताटं उचलली जायची. पोरगा उन्हाळ्याच्या सुट्टीला घरी गेला तो परत आलाच नाही. त्याच्या आईने लर्लीनला फोन केला होता. लर्लीनने तो फोन हॉयटला दिला, आणि हॉयटने ऐकून घेऊन ठेवून दिला.

मला तेव्हापासून त्या बाकाची भीती वाटायला लागली. उगाच शहाणपण सांगत नाही. जाळीच्या मागे बसलो की वाटायचं, ही पोरं एकमेकांवर इतका जीव टाकतात, आणि एका माणसाच्या गप्प बसण्याने एवढी दगड होतात.

वर्षं गेली. हॉयट जिंकत राहिला, पण नेहमी एक पायरी आधी अडला. आमच्या विभागाची मे महिन्यातली स्पर्धा जिंकणारा संघ राष्ट्रीय फेरीत जातो. लोमॅक्स कधीच गेलं नव्हतं. कॉलेजला नवा अध्यक्ष आला, तरुण, गुळगुळीत दाढीचा. त्याने हॉयटला जेवायला बोलावून त्याच्या सेवेबद्दल इतकं कौतुक केलं की हॉयट घरी येऊन म्हणाला, "डेल, ह्याने जिवंतपणीच माझ्या फोटोला हार घातला." पुढचा हंगाम ही त्याची शेवटची संधी होती, हे गावात शेंबड्या पोरालाही कळत होतं.

आणि त्या वर्षी त्याच्याकडे ट्रेंट लाड्नर होता. समुद्रकाठचा पोरगा, लांब हातांचा, लाजाळू. त्याची आई मॅरिएट कोळंबी सोलायच्या कारखान्यात काम करायची. बाप नव्हता. ट्रेंट इतका आज्ञाधारक की हॉयटने "पाणी पी" म्हटलं तर तो पेला संपेपर्यंत थांबायचा नाही. लर्लीनचा त्याच्यावर फार जीव. रविवारी चर्चहून आला की त्याला ती मक्याची लापशी आणि भाजलेलं डुकराचं मांस वाढायची. एप्रिलमधल्या एका रविवारी त्याने गार चहाचा पेला डाव्या हातात घेतला. लर्लीनने विचारलं, "का रे, हात दुखतो?" तो म्हणाला, "नाही बाई. उजव्याची बोटं जरा गार पडतात. फेकायला लागलं की येतात ठिकाणावर." हॉयट समोरच जेवत होता. म्हणाला, "हंगामाच्या शेवटी सगळ्यांचीच पडतात." आणि विषय संपला.

स्पर्धेत ट्रेंटने शुक्रवारी अख्खा सामना टाकला. रविवारी अंतिम सामना कॅल्डर कॉलेजशी. मध्ये हाताच्या विश्रांतीला एकच दिवस. शहाणा कोच अशा वेळी दुसरा पिचर काढतो. हॉयटने ट्रेंटला विचारलं, "टाकशील?" तो म्हणाला, "हो, कोच." त्याला दुसरं उत्तर येतच नव्हतं.

त्या दुपारी ऊन इतकं होतं की माणसं सावलीसाठी एकमेकांच्या अंगावर बसली होती. पाइनच्या झाडांमागे दूर कुठे गडगडत होतं, पण ढग काही पुढे येत नव्हते. ट्रेंटने पहिले तीन डाव असे टाकले की कॅल्डरची पोरं बॅट फिरवून स्वतःच्याच भोवती गिरकी घेत होती. चौथा झाला, पाचवा झाला, तरी त्यांना एकही फटका नाही. मग माझ्या लक्षात आलं की बाकावरची पोरं सरकायला लागलीत. एकेक पोरगा उठून पाणी प्यायला जायचा आणि परत येताना दुसऱ्या टोकाला बसायचा. सहाव्या डावानंतर ट्रेंट एकटा उरला. मधला सगळा बाक रिकामा. प्रेक्षकांतही कुजबुज बंद झाली. अख्खं लोमॅक्स तोंडाला कुलूप लावून बसलं, आणि त्यात मीही होतो.

ट्रेंटचा उजवा हात त्याच्या मांडीवर पालथा होता. हात इतका पांढरा की मला आधी वाटलं, त्याने खडूची भुकटी लावलीय. तो डाव्या हाताने ती बोटं चोळत होता. मग त्याने त्या हातात पाण्याचा पेला धरायचा प्रयत्न केला, आणि पेला पडला. त्याने मान वर केली आणि हॉयटकडे बघितलं. हात थोडा वर उचलला. अगदी थोडा, वर्गात उत्तर नीट येत नसलेलं पोर उचलतं तेवढा.

हॉयटने ते पाहिलं. मला खात्री आहे, कारण मी त्याच्या मानेच्या मागे वीतभर अंतरावर होतो. त्याने पाहिलं आणि मान मैदानाकडे फिरवली.

संघाच्या दुखण्याखुपण्याचं बघायला ऑड्री नावाची मुलगी होती, नवीनच लागलेली. तीही पेला पडताना बघत होती. ती हॉयटजवळ येऊन हळूच म्हणाली, "कोच, मी एकदा त्याचा हात बघून येते."

"बस खाली."

"रंग बरा नाही दिसत हो. एक मिनिट फक्त."

"ऑड्री, ह्या बाकावर आज कुणी त्याच्याकडे जाणार नाही. तू नाही, मी नाही आणि देव आला तर तोही नाही. कळलं?"

"आणि काही झालं तर?"

"तू बोललीस तर होईल."

ती बसली. शेजारच्या पोराने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुटपुटला, "सगळ्यांचंच असं होतं गं पहिल्यांदा. श्वास घे."

बेसबॉलमध्ये कुठला चेंडू टाकायचा ते बाकावरून कोच बोटांनी सांगतो. कॅचर ती खूण पिचरला देतो. म्हणजे प्रत्येक चेंडूआधी हॉयटला ट्रेंटकडे बघावंच लागत होतं. सातव्या डावात ट्रेंटचा वळणारा चेंडू वळेना. दोनदा तो जमिनीवर आपटला, एकदा कॅचरच्या डोक्यावरून गेला. त्यानंतर हॉयटने वळणारा चेंडू मागणंच बंद केलं. नुसते सरळ मागत राहिला. मी कधी बेसबॉल खेळलो नाही, पण एवढं मला कळतं. पोराची बोटं काम करत नाहीत हे त्याला समजलं होतं, आणि त्याने ती बोटं वगळून सामना चालू ठेवला होता.

आठवा डाव गेला. कॅल्डरचे दोन जोरदार फटके सरळ आमच्या पोरांच्या हातात गेले. नववा आला. मैदानात ट्रेंट चेंडू बोटांत धरायच्या आधी हात पँटवर आपटत होता. लोकांना वाटलं, जोशात आहे. शेवटचा फलंदाज आला, चेंडू हवेत उंच गेला, आणि आमच्या पोराने तो झेलला. एकही फटका न देता लोमॅक्स जिंकलं.

त्यानंतर काय होतं ते ठरलेलं असतं. सगळी पोरं धावत जाऊन पिचरच्या अंगावर झोकून देतात, एकावर एक, ढीग होईपर्यंत. लोमॅक्स तीस वर्षांची शांतता एकदम ओरडून काढत होतं. माझ्या शेजारचा पोस्टमन रडत होता. हॉयट बाकावरच उभा होता, दोन्ही हात डोक्यावर, आणि लहान मुलासारखा हसत होता. ढिगाखालून किंकाळी येत होती. कुणालाच ती वेगळी कळली नाही. ऑड्रीला कळली. ती धावली आणि पोरांना कॉलर धरून ओढून काढायला लागली. "उठा! मेल्यांनो उठा, त्याचा हात!" एकेक पोर हसत उठत होतं आणि खाली बघून हसायचं थांबत होतं.

ट्रेंटचा हात कोपरापर्यंत राखेच्या रंगाचा झाला होता. बोटांची टोकं जांभळी, जवळजवळ काळी. तो म्हणत होता, "मी ठीक आहे. कोच कुठेत? झालं ना सगळं?"

खांद्याखालची मोठी रक्तवाहिनी वर्षभराच्या फेकण्याने चेपली होती. तिथे गुठळी झाली, आणि तिचे तुकडे सुटून बोटांत जाऊन बसले. जॅक्सन शहरातल्या मोठ्या इस्पितळात डॉक्टरांनी हात वाचवला. बोटांसाठी आठवडाभर झगडले. मग अंगठ्याशेजारची दोन काढली. चेंडू धरायची ती दोन. डॉक्टर मला आणि लर्लीनला समजावत होते तेव्हा म्हणाले, "हे अचानक होत नाही. बधिरपणा असतो, गारठा असतो. कुणीतरी विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं." ते कुणाला दोष देत नव्हते. नुसती माहिती सांगत होते.

संघ राष्ट्रीय फेरीत गेला आणि पहिल्याच दिवशी हरून परत आला. परत आल्या आल्या हॉयट म्हणाला, "डेल, मला जॅक्सनला घेऊन चल. मला गाडी चालवता येणार नाही." वाटेत त्याने खिडकीबाहेर बघत दोनदा विचारलं, "तो मला शिव्या देईल ना?" मी म्हटलं, "देईल." तो म्हणाला, "बरं होईल."

मॅरिएट पलंगाशेजारी बसली होती. कामावरून थेट आली होती, कारखान्याच्या वासाचा स्वेटर अजून अंगात. हॉयटला बघताच उठली आणि तिने त्याला मिठी मारली. "कोच, तुम्ही आलात," एवढंच म्हणाली आणि त्याला खुर्चीवर बसवून त्याचा हात हातात घेऊन बसली. सामना तिने पाहिला नव्हता, त्या दिवशी ती कारखान्यात कामावर होती. तिला एवढंच माहीत होतं की अंगावर पोरं पडली आणि आत दडलेलं दुखणं बाहेर आलं. हॉयटने टोपी काढून शेजारच्या खुर्चीवर ठेवली. मी दारातच थांबलो. मला आत जाववेना.

ट्रेंटच्या हातावर मोठं बँडेज होतं. तो हसला. "कोच, मला वाटलं तुम्ही रागावलात. मी राष्ट्रीय फेरीला येऊ शकलो नाही."

"मी रागावलोय का रे?" हॉयट पुढे वाकून म्हणाला. "तू शिव्या दे मला, पोरा. दे. मी ऐकायला आलोय."

"कशाबद्दल?" ट्रेंटला खरंच कळलं नव्हतं. "तुम्ही काय केलंत?"

हॉयट काही बोलला नाही. ते त्याचं नेहमीचं गप्प बसणं होतं, आणि पहिल्यांदाच त्याला ते कुठे ठेवावं हे कळत नव्हतं.

ट्रेंटला ती शांतता अवघड वाटली असावी. त्याला कुणाला अवघडलेलं बघवत नाही. म्हणून तो समजावणीच्या सुरात म्हणाला, "उलट तुमच्यामुळेच मी घाबरलो नाही, कोच. चौथ्या डावापासून मला बोटं कळतच नव्हती. वाटत होतं कुणीतरी येऊन विचारावं. ऑड्री बघत होती, पण ती बसली. मग मी तुम्हाला हात दाखवला. तुम्ही नीट बघितलंत आणि मान फिरवलीत. तेव्हा मला वाटलं, कोचनी पाहिलंय. म्हणजे काळजी करण्यासारखं काही नसणार."

बाहेरून कुणीतरी औषधांची गाडी ढकलत गेलं.

मॅरिएटने हॉयटचा हात सोडला. मुलाकडे बघितलं, मग हॉयटकडे. हॉयटचा चेहरा तिला सगळं सांगत होता. ती उठली, खुर्चीवरची त्याची टोपी उचलली, तिच्यावरची धूळ हाताने झटकली आणि ती त्याच्या हातात दिली.

"निघा आता," ती म्हणाली. "त्याला झोपायचंय."

"मला झोप नाही आली, आई," ट्रेंट म्हणाला.

ती दार धरून उभी राहिली, आम्ही दोघं बाहेर पडेपर्यंत.